छडीकडे कोण बघतं?

एल्सबी, मिनेसोटा
१२ मे १९९७

प्रिय व्हर्लिन,

हे पत्र बँकेचं आहे, माझं नाही, हे आधीच सांगून टाकते. कागद बँकेचा, पाकीट बँकेचं, आणि लिहायला लावलंय तेही बँकेनंच. बहीण म्हणून मी तुला लिहिणार नव्हते. नाताळात तुझं कार्ड आलं, त्यावर तुझ्या नावाची सही तुझ्या लेकीनं केली होती. जोलीनचं अक्षर मला ओळखू येत नाही असं वाटलं का तुला?

तर काम असं. आपली बँक विकली गेली. मिनियापोलिसच्या कंपनीनं घेतली, सप्टेंबरात पाटी बदलणार. म्हणजे ऑगस्टातली चौकातली मक्याची पंगत आणि गावच्या बँडचा कार्यक्रम हे आपल्या बँकेचे शेवटचे. मिस्टर नायगार्डनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. मला वाटलं नोकरीचं काहीतरी बोलणार. तर म्हणतात, "अर्डिस, त्या दिवशी शेवटचं गाणं मी घ्यायचं की नाही?"

मी म्हटलं, "तुम्हीच घेता की दरवर्षी, चौथऱ्यावर उभं राहून बँडपुढे छडी हलवता. पैसे बँकेचे, मका बँकेचा, शेवटचं गाणं तुमचं. असंच चालत आलंय."

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "व्हर्लिन ढोलावर असेल तर चौथऱ्यावर चढेन. नसेल तर नाही. कळव त्याला."

"फोन करू?"

"तो फोन उचलणार आहे का?"

आता त्यांना काय हवंय ते तुलाही कळतंय आणि मलाही. गेल्या ऑगस्टात चर्चच्या तळघरात, सगळा बँड जेवायला बसलेला असताना, हातात कॉफीचा कप घेऊन तू उभा राहिलास आणि म्हणालास, "नायगार्ड, इतकी वर्षं तुम्ही छडी हलवताय, पण छडीकडे कोण बघतं? एकानं कधी मान वर केलेली नाही. सगळे माझ्या ढोलावर चालतात." आणि कप ठेवून निघून गेलास. पुढच्या महिन्यात घर विकलंस आणि बिस्मार्कला लेकीकडे जाऊन बसलास. जे बोललास ते खरं होतं, म्हणून तर कोणाला सावरून घेता आलं नाही. पण खरं म्हणून सगळंच बोलायचं असतं का? त्या माणसानं वर्षाकाठी एकदा चार मिनिटं छडी हलवली तर तुझं काय जात होतं?

तेव्हा ये. चौदा ऑगस्ट, गुरुवार. ढोल वाजव, दोन शब्द माफीचे बोल, कणीस खा, परत जा. मी काही तुला राहा म्हणणार नाही.

बँकेच्या वतीनं,
अर्डिस

३ जून

व्हर्लिन,

बँकेच्या पत्राला उत्तर द्यायची रीत असते. मी रोज टपाल बघते, आणि रोज वीजबिल किंवा बियाण्यांचं कॅटलॉग.

तालमी सुरू झाल्यात. ढोलावर मायलो स्टेनरूड आहे. हार्डवेअरच्या दुकानात खिळे ठोकायची सवय, तशीच इथे चालवतोय. पहिल्या ओळीला बरा असतो, दुसऱ्या ओळीला त्याला कुठेतरी पोचायचं असतं, आणि तिसरीला आम्ही सगळे क्लॅरिनेटवाले तोंडाला फेस येईपर्यंत त्याच्या मागे धावत असतो. क्लॅरिस कॉर्नेट खाली ठेवून म्हणाली, "मायलो, घरी गॅस चालू ठेवून आलायस का?" तो बिचारा हसला. त्याचा काही दोष नाही. कोणीतरी वाजवायलाच हवं ना.

मिनियापोलिसहून एक बाई आली होती, डॅना नावाची. वयानं जोलीनएवढी, बूट पांढरे स्वच्छ. बँक कशाकशाला मदत करते ते मला विचारत होती. मी सांगितलं, शाळेच्या नाटकाचे कपडे, गोधड्यांचं प्रदर्शन, बँकेच्या दालनात भिंतीवर गावातल्या लोकांची चित्रं, बँडचे गुरुवार, आणि अँब्युलन्ससाठी मक्याची पंगत. ती म्हणते, "आणि यातून बँकेला काय मिळतं?" मी म्हटलं, "मका." तिला ते आवडलेलं दिसलं नाही. मग विचारते, बँडच्या फलकावर बँकेचं नाव किती मोठं असतं? मी म्हटलं, फलकच नाही. सगळ्यांना माहीत आहे कोण देतं ते. यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिजोरी रस्त्यावर उघडी ठेवून आले.

तर येतोस का, ते कळव. मला आखणी करायची असते. माझं एका जागी बूड टिकत नाही सध्या, घरातली सगळी कपाटं दोनदा आवरून झाली.

अर्डिस

२० जून

व्हर्लिन,

कार्ड मिळालं. "गुडघा दुखतो. व्ही." एवढंच. यासाठी टपालतिकीट वाया घालवलंस. ढोल काय गुडघ्यानं वाजवतोस?

मिस्टर नायगार्डना जरा बरं नाही. सर्दीबिर्दी असेल. बँकेत येत नाहीयेत. काळजीचं कारण नाही, उगाच जोलीनला फोन करून विचारत बसू नकोस. म्हणजे फोन कर, पण त्यासाठी नको.

तुझ्या जुन्या घरी जे राहायला आलेत त्यांनी मार्लिसवहिनीची लायलॅकची झुडपं कापली नाहीत. मला वाटलं तुला कळावं. मी तिथून मुद्दाम जात नाही, वाटेवरच पडतं.

यायचं बघ.

अ.

८ जुलै

व्हर्लिन,

सर्दी नव्हती. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण कीव करून येणारा माणूस मला नको आहे. पण आता लपवून मलाच झोप लागेना झालीय.

त्यांना झटका आला. जूनमध्येच, बँकेच्या पायऱ्यांवर. मी दार उघडत होते आणि ते मागे होते. "अर्डिस, माझा हात कुठे गेला?" असं म्हणाले आणि पायरीवर बसले, जसं कोणी बूट बांधायला बसतं. अँब्युलन्स लगेच आली. दर ऑगस्टात मका विकून जिच्यात आपण थोडी थोडी भर घातली तीच. डॉनिव्हन चालवत होता. स्ट्रेचरवर घालताना मिस्टर नायगार्ड त्याला सांगत होते, "गाडी चांगली ठेवलीयस रे." जीभ जड झालेली, अर्धं बोलणं तोंडातून सांडत होतं, तरी तेच.

आता घरी आहेत. बोलणं बरंच सुधारलं. चालतात, काठी घेऊन, सावकाश. उजवा हात मात्र नाही. म्हणजे आहे, पण कुठेतरी दुसरीकडेच असल्यासारखा.

मी त्यांना म्हटलं, "यंदा राहू दे मग शेवटचं गाणं. डेलमार घेईल. शाळेत संगीत शिकवतो, बाकी सगळी तोच घेतो, एक जास्त घेईल." ते म्हणाले, "डावा हात आहे की." आणि मग, "व्हर्लिनचं काही आलं?"

मी म्हटलं, येईल. खोटं बोलले. आजारी माणसाशी खोटं बोलायला लावलंस तू मला.

अर्डिस

२५ जुलै

व्हर्लिन,

चला, एक पूर्ण वाक्य तरी आलं तुझ्याकडून. "मी आलो तर त्यांची आणखी शोभा होईल, त्यापेक्षा मी इथेच बरा." मोठा समजूतदारपणाचा आव आणलायस. तुला त्यांची शोभा होण्याची काळजी नाही. तुला भीती वाटते. तळघरात जे तोंडातून गेलं ते परत घ्यायला पुऱ्या गावासमोर तोंड उघडावं लागेल, आणि तुझं तोंड विनोदाशिवाय उघडत नाही. लहानपणापासून बघतेय मी. बाबांच्या दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांना तू काय म्हणालास ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मला माहीत आहे, मार्लिसला जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. तू कोणाशी धड बोलत नव्हतास. मी रोज डबा ठेवून जायचे आणि तू तो रिकामा करून पायरीवर ठेवायचास, धुवून. आत ये म्हणाला नाहीस, मी येऊ का म्हटलं नाही. आपण असेच. सगळं गावच असं. त्या जेवणानंतर कोणी मिस्टर नायगार्डना एक शब्द विचारला नाही. त्याऐवजी आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून हॉटडिशची भांडी नेऊन त्यांच्या दारात ठेवली. मी ट्यूना आणि नूडल्सचं नेलं, वर बटाट्याच्या चिप्स चुरून. क्लॅरिसनं बटाटा-खिम्याचं. मेल्या घरी नेतात तसं. तेवढ्यानं आमची माफी मागून झाली असं आम्हाला वाटलं. तेव्हापासून ते एकाही तालमीला आले नाहीत.

आणखी एक. मी म्हटलं होतं बँकेचं काम आहे म्हणून लिहितेय. बँकेत माझं काम ऑगस्टअखेर संपतंय. डॅनानं फार गोड आवाजात सांगितलं. माझ्या टेबलाचं काम पुढे मिनियापोलिसमध्ये "एकत्रित" होणार म्हणे. म्हणजे गोधड्यांचं प्रदर्शन भरवायचं की नाही ते तिकडे बसून ठरणार. मी तिच्यासमोर रडले नाही. पार्किंगमध्ये जाऊन बसले, काच वर केली, आणि मग काय व्हायचं ते झालं. तू गावात असतास तर तुझ्याकडे आले असते. तू काहीतरी वाकडं बोलला असतास, मी चिडले असते, आणि बरं वाटलं असतं.

हे आता बँकेचं पत्र राहिलेलं नाही, कळलं असेलच. ये रे.

अर्डिस

६ ऑगस्ट

व्हर्लिन,

हे नीट वाच. बसून वाच. जोलीनला म्हणावं टीव्ही बंद कर.

काल मी मिस्टर नायगार्डकडे गेले होते. हातात परत हॉटडिश. सवय जात नाही. दार उघडून त्यांनी भांड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता काय झालं मला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी अशीच भांडी आणली. आठवडाभर दाराशी रांग. कोणी काही बोलेना, सगळ्यांचे चेहरे पडलेले. मला वाटलं, मला काहीतरी आजार झालाय आणि तो मला सोडून साऱ्या गावाला कळलाय. मी शहरात जाऊन सगळ्या तपासण्या करून आलो, अर्डिस."

मी तिथेच पायपुसण्यावर उभी. म्हटलं, "ते व्हर्लिन जे बोलला त्यासाठी होतं."

"व्हर्लिन काय बोलला?"

"हेच की... छडीकडे कोणी बघत नाही."

ते हसायला लागले. त्यांचा चेहरा आता एकाच बाजूनं हसतो, त्यामुळे आधी मला कळेचना की हसतायत. मला आत बसवलं, ते जळ्ळं भांडं माझ्या हातातून घेतलं, आणि म्हणाले, "मला माहीत नव्हतं होय? दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. मी मुद्दाम मध्येच छडी थांबवून बघितली होती. तुम्ही सगळे आपले चाललेले पुढे, खाली माना घालून. मग मीही त्याच्या ढोलावर छडी हलवायला लागलो. मी काय संगीत शिकलोय?"

मी म्हटलं, "मग तरी दरवर्षी का चढायचात?"

त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बँकेत मी बोट वर केलं की लोक उभे राहतात. शेतावर कर्ज द्यायचं की नाही ते मी सांगायचं. दुकानात गेलो तरी लोक जागा करून देतात. माझ्या बायकोसकट कोणी मला कधी नाही म्हटलं नाही. वर्षातून ती चार मिनिटं अशी होती की मी काहीही केलं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. मागे व्हर्लिन होता. मी चुकलो तरी गाणं पडणार नव्हतं. तुला नाही कळायचं ते किती छान वाटतं."

व्हर्लिन, मला कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच पडदा सारखा करायला उठले.

मग मी विचारलं, की त्या दिवशी तुम्ही त्याला काहीच का बोलला नाहीत? ते म्हणाले, "बोलणार होतो. उठत होतो. माझा कोट खुर्चीत अडकला होता. त्याचा हात हातात घेऊन सांगणार होतो की बाबा, मी पण तुझ्याच ढोलावर चालतो. कोट सोडवून वर बघितलं तर तो गेलेला. दुसऱ्या दिवसापासून भांडी यायला लागली. आणि कोणी तालमीला बोलवेना. मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे, आणि ते तोंडावर सांगवत नाही म्हणून जेवण पाठवताय."

म्हणजे बघ. आम्हाला वाटत होतं ते रागावलेत. त्यांना वाटत होतं आम्ही त्यांना काढून टाकलंय. तुला वाटत होतं तू त्यांना मारूनच टाकलंस. आणि एक वर्ष झालं, एल्सबीत एकानंही एक प्रश्न तोंडानं विचारला नाही. नुसते नूडल्स शिजवले.

त्यांना तुझी माफी नको आहे. त्यांना मागे तू हवा आहेस. एवढंच होतं ते.

मी त्यांना म्हटलं, आत्ता फोन लावते. तुझ्याकडे लावला. जोलीननं उचलला. मागे तुझा आवाज आला मला, "नाही म्हणून सांग." पोरगी म्हणाली, बाबा झोपलेत. मी फोन ठेवला आणि मिस्टर नायगार्डना सांगितलं, झोपलाय. भर दुपारी. त्यांनी मान हलवली.

आता तरी ये. आठवडा आहे अजून.

तुझी बहीण,
अर्डिस

१६ ऑगस्ट, शनिवार
जेम्सटाउन, पेट्रोलपंपाचं कॅफे

व्हर्लिन,

तू आला नाहीस. गुरुवारी संध्याकाळी मी क्लॅरिनेट जुळवता जुळवता चौकाच्या चारही बाजूंना बघत होते. दुपारपासूनच लोकांनी आपापल्या गाड्या चौकाभोवती लावून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या. प्रत्येक गाडीत मला तू दिसत होतास. डेलमारनं मला दोनदा दटावलं, "अर्डिस, इकडे."

मका चांगला होता यंदा. बँकेच्या सगळ्यांनी एप्रन बांधून उकळला, डॅनासुद्धा आली, पांढऱ्या बुटांवर लोणी सांडून घेतलं आणि काही बोलली नाही. मला ती तेवढ्यापुरती आवडली.

शेवटच्या गाण्याची वेळ आली आणि मिस्टर नायगार्ड पुढच्या खुर्चीतून उठले. मी मनातून देवाला म्हणत होते, बसा हो खाली, बसा. तू नसशील तर चढणार नाही म्हणाले होते, तरी चढले. डॉनिव्हन एका बाजूनं, काठी दुसऱ्या. वर येऊन त्यांनी आधी ढोलाकडे बघितलं. मायलो उभा होता टिपरू घेऊन. त्यांनी त्याला म्हटलं, "मायलो, तू जरा बस." मायलोनं टिपरू ठेवलं आणि बसला. मला वाटतं आयुष्यात त्याला इतकं सुटल्यासारखं कधी वाटलं नसेल.

मग त्यांनी डाव्या हातात छडी धरली आणि वर नेली.

व्हर्लिन, तुला माहीत आहे आपली सगळी गाणी कशी सुरू होतात. तुझे दोन ठोके, आणि मग आम्ही. ठोके नव्हते. कागदाकडे बघून काही उपयोग नव्हता, कागदावर ठोके ऐकू येत नाहीत. मी मान वर केली. शेजारी क्लॅरिसनं केली. मागच्या रांगेत ट्रॉम्बोनवाल्यांनी केली. सगळा बँड त्या हाताकडे बघत होता. त्यांना ते दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती, पायऱ्यांवर पडले तेव्हासुद्धा नाही.

हात खाली आला आणि आम्ही सुरू केलं.

वाईट झालं. खोटं कशाला बोलू? आपल्या इतक्या वर्षांत इतकं वाईट वाजलं नसेल. त्यांचा हात रेंगाळला की आम्ही रेंगाळायचो. मधल्या भागात त्यांना काही सुचेना, हात हवेत तसाच राहिला, आणि आम्हीही सगळे सूर धरून तसेच थांबलो, श्वास संपेपर्यंत. पुढे कोणी गेलं नाही. क्लॅरिस, जी मायलोसाठी एक क्षण थांबत नाही, तीही थांबली. लाल चेहरा, फुगलेले गाल, डोळे त्या छडीवर. मग छडी हलली आणि आम्ही हललो. मिरवणुकीचं गाणं होतं ते, पण त्या चालीनं मिरवणूक निघाली असती तर चौक ओलांडेपर्यंत हिवाळा आला असता. तरी एकही सूर मागेपुढे झाला नाही. सगळे एकत्र चुकलो.

संपलं आणि गाड्यांचे भोंगे सुरू झाले, टाळ्यांऐवजी वाजवतात ते. थांबेचनात. मी भोंग्यांत रडून घेतलं, कोणाला ऐकू गेलं नाही.

ते खाली आले. घामानं शर्ट भिजलेला. मी पुढे होऊन धरलं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "अर्डिस, किती भयंकर आहे हे. सगळे माझ्याकडे बघत होते." मी म्हटलं, "बघायला नको होतं का?" म्हणाले, "मला व्हर्लिन हवाय. गाडी काढ."

मी म्हटलं, आत्ता? म्हणाले, आत्ता नाही, शनिवारी. कपडे धुवायचेत.

तर आम्ही निघालोय. माझी गाडी, पुढच्या सीटवर मिस्टर नायगार्ड. फार्गोपासून इथपर्यंत ते मला सांगत आलेत की मी लेन चुकीची धरलीय. आता समोर बसून सूपमध्ये खारी बिस्किटं बुडवतायत. डाव्या हातानं सांडतंय, पण मी पुसायला गेले तर रागावतात. मला एका जागी बसवत नाहीये, म्हणून हे लिहितेय. बिस्मार्कला पोचायला फार वेळ नाही आता.

त्यांना तुझ्याशी काय बोलायचंय ते मी विचारलं नाही. विचारू नये असं नाही. यापुढे सगळं विचारायचं असं मी ठरवलंय. पण हे तुमचं दोघांचं आहे. मला एवढंच विचारायचंय, की तू परत येशील का. पुढच्या उन्हाळ्यात बँडला कोण पैसे देईल मला माहीत नाही. माझ्याकडे नोकरी नाही, तुझ्याकडे घर नाही. माझ्या घरात मागची खोली रिकामी आहे. ढोल तिथे मावतो, मी मोजलं नाही पण मावतो. येशील का, व्हर्लिन? हे मी तोंडानं विचारणारच आहे, पण तिथे आल्यावर माझी जीभ वळली नाही तर इथे लिहिलेलं असू दे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. दारात तुझ्या हातात देईन आणि बाजूला होईन. तू वाचशील, कारण दोघांशी बोलण्यापेक्षा तुला ते सोपं वाटेल. वाच. घाई नाही. त्यांना गाडीतून उतरायला वेळ लागतो, आधी काठी बाहेर, मग एक पाय, मग दुसरा, आणि मदत केलेली त्यांना चालत नाही.

इथपर्यंत वाचून झालं की मान वर कर. ते अजून उतरत असतील. ते पोचेपर्यंत आत जाऊ नकोस.

अर्डिस